इद्दतीचा हिशेब आणि बाईचे मन

चाळिशी ओलांडलेली अम्मी हल्ली वरचेवर चिडते, रात्री दोन वाजता उठून बसते, भरल्या घरात विनाकारण रडते. आम्ही काय करतो? आधी म्हणतो, स्वभावच तसा. मग एखादी खाला म्हणते, नजर लागली. तावीज येतो, दम केलेले पाणी येते, जुमेरातीची दर्ग्याची हाजिरी सुरू होते. डॉक्टरचे नाव सर्वांत शेवटी. आणि मनाच्या डॉक्टरचे तर नकोच, कारण घरात लग्नाची मुलगी असते.

दुआला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप अज्ञानाला आहे. पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षे बाईच्या शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके नेमाने कमी होत नाहीत; चढतात, कोसळतात, पुन्हा चढतात. इस्ट्रोजेनचा मेंदूतल्या सेरोटोनिनशी संबंध असतो, म्हणून मनही हेलकावते. अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते, आणि झोप मोडली की उदासी वाढते. बाळंतपणानंतर कधी खचलेल्या बाईला धोका अधिक. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१व्या वर्षी थांबते, आपल्याकडे ४६-४७च्या सुमारास. म्हणजे ही उलथापालथ चाळिशीच्या उंबरठ्यावरच सुरू होऊ शकते, आणि आम्ही म्हणतो, तिचे अजून वय कुठे झाले!

कुणी म्हणेल, या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. का नसतात? पाळी थांबलेल्या बाईची इद्दत तीन महिने, हे सूरह तलाकमध्ये स्पष्ट आहे. हैज कोणता, कोणता रक्तस्राव हैज नव्हे, यावर फिकहच्या ग्रंथांत पानेच्या पाने आहेत. त्या विद्वानांनी शरमेला मध्ये येऊ दिले नाही. पडदा आम्ही ओढला. पाळी पुढेमागे होऊ लागलेल्या बाईला रमजानमध्ये कोणता रोजा धरावा, कोणता कजा करावा, हेच कळेनासे होते. हा मसला विचारायला तिने मौलवीसाहेबांकडे धाकट्या मुलाला पाठवायचे काय?

आणि आम्ही सुधारणावादी तरी वेगळे कुठे? १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा निघाला, तिथपासून २०१९च्या कायद्यापर्यंत आम्ही तलाकवर बोललो. बोलायलाच हवे होते. पण परिसंवाद गाजवून घरी आल्यावर आमच्यातल्या किती जणांनी बायकोला विचारले, तुला झोप का लागत नाही? उलट "डोकं फिरलंय तुझं" हे वाक्य तयारच. काही घरांत तर नेमक्या याच दिवसांत दुसऱ्या निकाहची धमकी दिली जाते.

"पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्लाही फार स्वस्त झाला आहे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर जे बदल काही वर्षांत व्हायचे ते एकदम अंगावर येतात. इलाज आहेत. समुपदेशन आहे, नैराश्यावरची औषधे आहेत, तपासणीनंतर काहींना संप्रेरकांची औषधेही देता येतात. २०२२पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येते.

या जुमेरातीला अम्मीला दर्ग्यावर खुशाल न्या. पण वाटेत स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यापाशी रिक्षा थांबवा, आणि आत तिला स्वतः बोलू द्या.