ढिला बोल्ट दिसला तर बोला

अमेरिकेत रुळाचं काम करताना एखाद्या जोडावर बोल्ट ढिला दिसतो, कधी गायबच असतो. वरचा माणूस म्हणतो, "चल पुढे, टाइम नाही." तेव्हा गप्प बसू नका.

आपली फिशप्लेट म्हणजे इथली जॉइंट बार. दोन रुळांची टोकं ती आणि तिचे बोल्टच धरून ठेवतात. बोल्ट ढिला झाला की प्रत्येक चाकाखाली जोड दबतो, पट्टीवर ताण येतो, शेवटी तडा जातो. १८ जानेवारी २००२ ला नॉर्थ डकोटात मायनॉटजवळ असेच तडे वेळेत सापडले नाहीत. मालगाडीचे ३१ डबे घसरले, अमोनिया पसरला, एक माणूस गेला.

इथला नियम साधा आहे: जोडरुळांच्या लाईनवर क्लास २ ते ५ मध्ये जोडापाशी प्रत्येक रुळाला किमान दोन बोल्ट, क्लास १ मध्ये किमान एक.

मी स्वतः सुपरवायझर आहे. उशीर झाला की बोलणी मलाही बसतात. पण उशीर भरून काढता येतो, माणूस नाही.

धोका कळवला म्हणून कामावरून काढलं, तर रेल्वेच्या कंत्राटदाराकडच्या कामगारालाही कायद्याचं संरक्षण आहे. १८० दिवसांच्या आत ओशा या कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार करा. तोंडी चालते, इंग्रजी जमत नसेल तर मराठीतही घेतात.

म्हणून जागा, तारीख, वेळ आणि कुणाला सांगितलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. पाना खिशात नसला तरी चालेल, पेन असू द्या.