शेजारचा कूलर आणि 45 डेसिबल

मार्च सरत आला की परळी वैजनाथच्या गल्ल्यांत खिडक्यांबाहेर पत्र्याचे कूलर पुन्हा मांडले जातात. गवत बदललं जातं, टाकी घासली जाते, पंप चालतो का ते पाहिलं जातं. बेअरिंगला तेल घालायचं मात्र राहून जातं. मग रात्रभर खडखडाट. ज्याचा कूलर, तो गारव्यात गाढ झोपतो. जागा राहतो तो शेजारी. खाली दुकान नि वर बिऱ्हाड असेल, तर एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं वरच्यांच्या खिडकीखाली घरघरतं.

थर्मल वीज केंद्राच्या या गावाला यंत्राचा आवाज नवा नाही. पण औद्योगिक क्षेत्राची 75 डेसिबलची सवलत घरांना लागू नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत हेच आकडे 65 आणि 55.

गोम पुढेच आहे. आवाज मर्यादेच्या वर किमान दहा डेसिबल गेला, तरच तक्रार करता येते. म्हणजे हक्क 45 चा, पण दाद 55 पासून! दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. रात्रीचे निर्बंध मोडले तर ही अट आड येत नाही, पण ते निर्बंध लाउडस्पीकर, हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं अशांवर. कूलर त्यात बसत नाही.

कूलरचं नाव सापडतं ते पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टात. एअर कूलर 60 डेसिबल, एक ते दीड टनाचा खिडकीतला एसी 68. ही मर्यादा आहे कारखान्यात तयार होतानाची. चार उन्हाळे गंजलेल्या पंख्याचं काय, यावर परिशिष्ट गप्प. आणि आज भिंतीभिंतीवर दिसणारा स्प्लिट एसी त्या जुन्या यादीत नाहीच.

न्यूयॉर्कने हा घोळ सरळ सोडवला. तिथे एसीचा आवाज शेजाऱ्याच्या घरात, उघड्या खिडकीपासून तीन फुटांवर मोजतात; मर्यादा 42 डेसिबल. कुठे उभं राहून मोजायचं, हेच आपल्याकडे कूलरबाबत कुणी सांगितलेलं नाही.

नियमांप्रमाणे कारवाईचा अधिकार जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा निदान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा. बेअरिंगच्या खडखडाटासाठी उपअधीक्षकांकडे अर्ज करणारा परळीकर विरळाच. त्यापेक्षा शेजाऱ्याला कूलरच्या स्टँडखाली जाड रबराचे तुकडे घालायला सांगणं सोपं. भिंतीत आणि पत्र्यात उतरणारी थरथर त्याने बरीच कमी होते. बेअरिंग मात्र बदलावंच लागतं, आणि ते गवत बदलतानाच करून घेतलेलं बरं.