गब्बर कोण, हे ठरवणार कोण?

'शोले'चा मूळ शेवट आपल्यापासून लपवला गेला, ही हळहळ जुनी आहे. त्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ ला आला, आणीबाणीत. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेणं सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येतात. लोकांचे हक्क गुंडाळणाऱ्या सरकारनं कायद्याची महती सांगावी, हा विनोदच. तरीही 'ठाकूरला सूड घेऊ द्यायला हवा होता' हे मला मान्य नाही.

सूडपटात प्रेक्षकच साक्षीदार असतो. गब्बरनं ठाकूरचं घरदार संपवलं, हे आपण पाहिलेलं असतं. मग साक्ष नको, उलटतपासणी नको. वर हेही विसरायचं, की कायद्यानं गब्बरला पकडून शिक्षा दिली होती. तो तुरुंगातून पळाला. बिघाड तुरुंगात आणि मोडीत काढायचं कोर्ट! ऑफिसात मी असं डिबगिंग केलं, तर पुन्हा कुणी मला कोडला हात लावू देणार नाही.

खऱ्या गावात कॅमेरा नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्या जमावातला प्रत्येक जण स्वतःला ठाकूरच समजत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. सूडाची खुमखुमी मात्र फॉरवर्डची वाट बघत नाही.

आणि तोंडावरून गुन्हेगार ओळखू येतो म्हणणाऱ्यांनी आमच्या हिंगोलीकडे पाहावं. मेडोज टेलरनं 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) च्या प्रस्तावनेत लिहिलंय, की हिंगोलीच्या छावणीत गोरे अधिकारी ज्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याशी व्यवहार करत, तोच ठगांचा म्होरक्या निघाला. इथं शेठजी ठग होता. राईनपाड्याला 'चोर' निरपराध होते.

हॉलिवूडच्या वेस्टर्ननं हे कधीच सांगून ठेवलंय. 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' (१९४३) मध्ये जमाव खुनाच्या संशयावरून तिघांना फासावर लटकवतो. नंतर कळतं, ज्याचा खून झाला म्हणत होते तो जिवंत आहे.

'कोर्टात वर्षानुवर्षं जातात, त्याचं काय?' रास्त प्रश्न आहे. मग न्यायाधीश वाढवा म्हणून भांडा, तपास नीट करा म्हणून भांडा, तुरुंग पक्के करा म्हणून भांडा. ते कंटाळवाणं काम आहे, त्यावर शिट्ट्या पडत नाहीत. पण उद्या परमुलखात आपल्याच माणसाला चोर समजून कुणी धरलं, तर आपण ठाकूरला हाक मारणार नाही. पोलीस वेळेवर पोचावेत, एवढंच मागू.