क्षयाचा शिक्का मारण्यापूर्वी

एखाद्याला महिनाभर खोकला जडला, बारीक ताप राहू लागला, वजन उतरले आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसात पोकळी दिसली, की प्रथम क्षयाचाच संशय यावा यात गैर काही नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथील डॉक्टरांना तो न आला तरच नवल. आक्षेप आहे तो संशयालाच फैसला समजून, थुंकीत जंतू सापडलेले नसताना, गुण येत नसतानाही तीच औषधे पुढे रेटण्याच्या शिरस्त्यावर.

कारण अशीच पोकळी पाडणारा, खोकल्यातून असेच रक्त आणणारा दुसरा एक विकार आहे, ज्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. या रक्तवाहिनीदाहाच्या खुणा पुष्कळदा छातीबाहेर असतात: नाकात सतत खपल्या धरतात, शिंकरताना रुमालावर रक्त येते, कानांना दडे बसतात, आणि मूत्रपिंडे तर काहीही न दुखता निकामी होत जातात. लघवीच्या साध्या तपासणीत तांबड्या पेशी व प्रथिने आढळली तर संशयाची दिशा बदलावी. परंतु रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होतेच, त्यामुळे रुग्णाने रंगाची तक्रार केली तरी ‘गोळ्यांमुळे होते तसे’ एवढ्यावर त्याची बोळवण होण्याचा संभव असतो. रक्तवाहिनीदाहावर परिणामकारक उपचार नव्हते त्या काळातील रुग्णांचा जो आढावा 1958 मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाला, त्यात 82 टक्के रुग्ण वर्षभरात दगावल्याची नोंद आहे. आज बहुतेक वाचतात, पण गेलेले मूत्रपिंड परत येईलच याची हमी नाही.

उलट दिशेची घाईही तितकीच घातक. ‘अँका’ नामक रक्तचाचणी होकारार्थी आली म्हणजे रक्तवाहिनीदाह सिद्ध झाला असे नव्हे. क्षयात ती कधीकधी तशी येते, हृदयाच्या झडपेवर जंतू वाढले असतानाही येते, आणि झडपेच्या या रोगात ताप, पायांवर जांभळे ठिपके, लघवीत रक्त असा सारा देखावा हुबेहूब जुळतो. रक्तवाहिनीदाह समजून स्टिरॉइड दिले की ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून प्रतिजैविकांपूर्वीच रक्तातील जंतूंच्या तपासणीसाठी नमुने घ्यावेत, इको करावा, कावीळ ब व क आणि एचआयव्ही तपासावेत, शक्य तेथे ऊतीचा तुकडा काढून पाहावा. फुप्फुसात रक्तस्राव चालू असेल तर अहवालांची वाट पाहत बसता येत नाही, हे मान्य. परंतु तेव्हाही नमुने आधी घेण्यास फारसा वेळ लागत नाही.

ज्यांच्या घरी क्षयाच्या गोळ्या चालू असूनही आजार हटत नाही, त्यांनी त्या आपल्या मनाने मुळीच बंद करू नयेत. मात्र थुंकीचा अहवाल काय आला होता आणि लघवी तपासली आहे काय, हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत.