तोतया अंमलदारांची इंग्रजी
सीबीआयचा अंमलदार म्हणवून घेणारा तोतया एखाद्या वृद्ध गृहस्थास दूरध्वनीवरून ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक घालतो, तेव्हा त्याचे निम्मे बळ त्या अपरिचित इंग्रजी शब्दांच्या दरडावणीत असते, म्हणूनच ओटीपी, केवायसी, यूपीआय पिन, स्क्रीन शेअरिंग ही परिभाषा घरातील वडीलधाऱ्यांस सावकाश, न रागावता समजावून देणे, हे मी सांप्रतचे अत्यावश्यक लोकशिक्षण मानतो. पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात मुळीच नाही, एवढे ज्ञान पुष्कळांची आयुष्यभराची पुंजी वाचवील. तरीही कोणी फसलाच, तर लोकलज्जेस्तव गप्प न राहता त्याने तत्काळ १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर फिर्याद गुदरावी. विलंब झाल्यास रक्कम अनेक खात्यांत पांगते आणि ती गोठविणे दुष्कर होते.