लॅक्स्टनचे पंच

इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्यांत लॅक्स्टन हें एक लहान खेडें आहे. इतरत्र शेतें केव्हांच कुंपणांत गेलीं; येथें मात्र तीन मोठीं रानें अद्याप पट्टे पाडून कसतात. १६३५ सालचा पट्टेवार नकाशाही शिल्लक आहे. मोजणीच्या कागदांत आमचा जन्म गेला, तरी नकाशापेक्षां आम्हांस तेथील पंचांचेंच महत्त्व अधिक वाटतें. गव्हाची पेर झाली कीं हे शेतकरी पंच स्वतः रान फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि सामाईक वाटेंत कोणीं नांगर घातला असल्यास पुढल्या आठवड्याच्या सभेंत त्यास दंड होतो. १९७७ सालच्या कायद्यानें अशा इतर जुन्या सभांचे अधिकार काढले, लॅक्स्टनचे राखले. आमच्याकडे सरीएवढ्या जमिनीसाठीं बांधकरी वर्षानुवर्षे कचेरींत खेटे घालीत; त्यांपैकीं एकानेंही आधीं गांवचे पंच बांधावर नेलेले आम्हीं पाहिले नाहींत.