चवदार तळ्याची शंभर वर्षे : पाणी हक्क आहे की मेहरबानी?

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने अभिवादन, सभा, व्याख्याने व्हायलाच हवीत. पण बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी एक प्रश्नही या शतकासमोर ठेवला पाहिजे. मूलभूत मानवी हक्क नेमके कशाला म्हणायचे? आणि पाणी त्यात बसते का?

याचे उत्तर महाडच्या इतिहासातच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. प्रत्यक्षात मात्र बाबासाहेब १९२७ मध्ये हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हाच ओंजळीत पाणी आले. त्याच दिवशी आपल्या माणसांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. पुढे कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

यातला धडा स्पष्ट आहे. जे एका ठरावाने मिळते आणि दुसऱ्या ठरावाने काढून घेता येते, ती सवलत असते. हक्क म्हणजे जे देण्याचे बंधन कोणावर तरी असते आणि न दिल्यास त्याला जाब विचारता येतो.

संविधानाने हा अनुभव विसरला नाही. अनुच्छेद १५(२) नुसार सार्वजनिक विहिरी, तळी, स्नानघाट यांच्या वापरापासून जातीच्या कारणावरून कोणाला अडवता येत नाही. पण हे कलम विहिरीवर अडवणाऱ्याला रोखते. विहिरीत पाणी असेलच, नळ आपल्या वस्तीपर्यंत येईलच, याची हमी देत नाही. आजची अडवणूक नेमकी इथे होते. पाट्या गेल्या, पण पाइपलाइन बौद्धवाडीच्या अलीकडे थांबते. टाकी गावात बांधली जाते आणि वस्तीच्या टोकाला पाणी चढत नाही. तिथे जातीचे नाव कोणी घेत नाही. ‘तांत्रिक अडचण’ सांगितली जाते.

पाण्याचा हक्क संविधानात स्वतंत्र शब्दांत लिहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव १२२ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. ४१ देश तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिले होते.

तरीही मुंबईत २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पालिका पाणी देत नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, घर बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. मात्र अशा वस्त्यांना जास्त दर लावण्याची मोकळीकही न्यायालयाने ठेवली. घर अधिकृत आहे की नाही हा वेगळा वाद. तहान अनधिकृत नसते.

काहीजण म्हणतात, प्रत्येक गरजेला हक्क म्हटले तर हक्काची किंमतच उरणार नाही, आणि सरकार पैसा कुठून आणणार? पहिला आक्षेप रास्त आहे. म्हणून कसोटी हवी : ती गोष्ट नसेल तर बाकीचे हक्क पोकळ होतात का? मैलभर हंडा वाहणाऱ्या मुलीसाठी शिक्षणाचा हक्क पोकळच आहे. पाणी या कसोटीला उतरते. पैशाचे म्हणाल, तर जलजीवन मिशन २०१९ पासून दरमाणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट घेऊन चालू आहे. खर्च करायचा हे ठरलेलेच आहे. प्रश्न आहे तो नळ कोणाच्या दारात शेवटी पोहोचतो आणि तो कोरडा राहिला तर जबाबदार कोण, हा.

म्हणून शताब्दीचे काम गावागावांत आहे. आपल्या वस्तीत नोंदवलेले नळ किती आणि त्यातले वाहते किती, हे मोजा. माहिती अधिकारात योजनेचे अंदाजपत्रक आणि नकाशा मागा. ग्रामसभेत प्रश्न लेखी द्या आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. पाणवठ्यावर अडवणूक होत असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. आणि पाण्याचा हक्क न्यायालयाच्या अर्थ लावण्यावर न सोडता, ठरावीक प्रमाण व जबाबदार अधिकारी नेमून देणारा कायदा राज्याने करावा, ही मागणी २०२७ च्या प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे.

बाबासाहेब महाडला केवळ तहान भागवायला गेले नव्हते. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क बजावायला गेले होते. ज्या वस्तीत आजही टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तो सत्याग्रह अजून पूर्ण झालेला नाही.

जय भीम!